ओरापनोबी

माझी आजी रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसायची, वात पेटवायची आणि ओसरीवर भिंतीला टेकून जपमाळ हातात घ्यायची. जपमाळ संपली की लितानी. मारियामातेचं एकेक बिरुद बाबा म्हणायचे आणि आम्ही मागून ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचो. आजीनं ते वाक्य कधी म्हटलं नाही. तिचा स्वतःचा शब्द होता, ‘ओरापनोबी’.

पाच-सहा वर्षांची असताना मी तिला विचारलं होतं, आजी, ओरापनोबी म्हणजे काय? ती जरा थांबली न् म्हणाली, “थे माय हाय. लेकराईची माय.” तिच्या लेखी ते मातेचंच एक नाव होतं. बैल बसला, विहीर आटली, सुनेचे दिवस भरले, की ती हात जोडायची, ओरापनोबी माय, सांभाळून घे वं. १९८७ साली ती गेली तेव्हा तिच्या ओठांवर शेवटी हाच शब्द होता. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, उशाशी बसले होते.

२०२४ च्या नाताळात ही गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली. तो सव्वीस वर्षांचा, पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत. त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं, “आई, ते ओरा प्रो नोबिस आहे. ‘आमच्यासाठी विनंती कर’चंच लॅटिन. पणजीच्या काळची खरी लितानी.” आणि मग म्हणाला, “तुम्ही लोकांनी ते टाकून दिलं.”

बाबा पलीकडे खाटेवर होते. काही न बोलता उठले आणि आत गेले.

आमचं गाव परतवाड्याच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्रा, कापूस, तूर. कॅथलिकांची पंचवीसेक घरं, एक चर्च, एक शाळा. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझे पणजोबा पोरके झाले आणि मिशनच्या फादरांनी त्यांना सांभाळलं, तिथून आमचं घर या धर्मात. ते फादर आल्प्सच्या पायथ्याच्या अॅनसी गावात स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा, त्यातून आमचा अमरावतीचा वेगळा झाला १९५५ साली. बाबांचा जन्म १९४२ चा. नऊ वर्षांचे असल्यापासून ते वेदीवर फादरांच्या मदतीला उभे राहायचे.

तेव्हाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कशी असायची हे मला बाबांकडूनच कळलं. फादर लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून उभे. सगळं लॅटिन. प्रवचन तेवढं मराठीत, मधूनमधून एखादं गीत मराठीत. बाया आपली जपमाळ करत बसायच्या, घंटा वाजली की मान खाली घालायच्या. आजी सांगायची, “घंटी वाजली का देव आला असं समजाव.”

मग १९६२ ते १९६५ या काळात रोमला जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि लोकांच्या भाषेत मिस्सा करायची वाट उघडली. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले आणि त्यांनी भाषणात ‘असतो मा सद्गमय’ ही उपनिषदातली प्रार्थना उच्चारली. बाबा बावीस वर्षांचे होते. पुढची पन्नास वर्षं हा प्रसंग त्यांनी वर्गात, वस्तीवर, लग्नात, मर्तिकात, जिथं संधी मिळेल तिथं सांगितला. १९६९ च्या एप्रिलात रोमनं भारतासाठी बारा बदल मान्य केले. पायातलं काढून मिस्सेला बसायचं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून खाली वाकून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्त्यांच्या जागी समई, चुंबनाऐवजी वस्तूला हात लावून तो कपाळी, आणि आरती. त्याच वर्षीच्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून, नवी मिस्सा लागू झाली. माझा जन्म त्याच दिवसांतला. मी लॅटिन मिस्सा कधीच पाहिली नाही.

बाबा तोवर धर्मशिक्षक झाले होते. बंगळूरला जाऊन तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आले. येताना त्यांनी सोबत एक पितळी पंचारती आणली, ती अजून आमच्या घरी आहे. पहिल्यांदा चर्चमध्ये आरती झाली त्या दिवशी बाबांचे सख्खे चुलते उठून बाहेर गेले. दाराशी उभे राहून म्हणाले, “आता हेबी देऊळच झालं.” ते मरेपर्यंत सणावारालाच चर्चमध्ये आले, तेही मागच्या बाकावर. म्हणजे आमच्या घरात हे भांडण नवं नाही. तेव्हा जुनं जपायचं म्हणणारे म्हातारे होते आणि बदल मागणारे तरुण. आता तरुण जुनं मागतोय आणि बदलाची बाजू घेणारा त्र्याऐंशी वर्षांचा आहे.

मुलाचं हे सुरू झालं लॉकडाउनमध्ये. चर्चं बंद, खोलीवर एकटा, मेसचा डबाही बंद. मोबाइलवर मिस्सा बघता बघता कुठल्याशा परदेशी मठातली लॅटिन मिस्सा त्याच्या समोर आली. त्यानं मला नंतर सांगितलं, “आई, तासभर कुणी माझ्याशी बोललं नाही, कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे एकाच दिशेला बघत होते. मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणासमोर तरी आहोत.” हे ऐकताना मी पोळ्या लाटत होते. माझा हात थांबला, पण तोंड थांबलं नाही. मी म्हटलं, “हे यूट्यूबचं खूळ आहे, उतरेल.”

तो म्हणाला, “बाबांचं खूळ बंगळूरहून आलं होतं, माझं यूट्यूबवरून. आलेलं दोन्हीही बाहेरूनच ना?”

मी हे वाक्य कितीदा तरी मनात घोळवलं आहे.

त्याचा अभ्यास वरवरचा नाही, हे मला मान्य करावंच लागतं. परिषदेच्या १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजाचं कलम छत्तीस त्याला पाठ आहे. लॅटिन भाषेचा वापर टिकवावा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं हेही त्याच दस्तऐवजात आहे. जुन्या वेद्या फोडा, कठडे उपटा असं परिषदेनं कुठंच म्हटलेलं नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली जुन्या मिस्सेला मोकळीक दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ ला ती आवळली. त्या रात्री तो फोनवर रडला होता. मला तेव्हा कळेना की घरचं माणूस गेल्यासारखं हा कशासाठी रडतोय.

बाबांकडेही उत्तरं होती. एकदा म्हणाले, “परंपरा परंपरा करतोस, तर नीट मोज. तुझी ती मिस्सा ज्या पुस्तकात छापून ठरवली ते १५७० चं. फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण मराठीत छापलं ते १६१६ ला. शेहेचाळीस वर्षांचा फरक. चारशे वर्षांत मराठी परकी कशी राहिली मग?” मुलानं शांतपणे विचारलं, “मग तुमच्या मामांच्या घरी वंदना पालीत कशी चालते? ती कुणाला कळते?”

हा घाव वर्मी बसला. बाबांचे मामा १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षाभूमीवर गेले आणि बौद्ध होऊन परतले. आमचं अर्धं गणगोत तिकडचं. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. मामांच्या ओसरीवर ‘बुद्धं सरणं गच्छामि’ चालायचं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पण त्यांच्या मनावर कोरलं गेलं ते वेगळंच. ते म्हणाले, “वंदना पालीत हाय, खरं हाय. पण बावीस प्रतिज्ञा मराठीत होत्या. माया मामीनं शाळेचं तोंड पाह्यलं नव्हतं, तिले बावीसच्या बावीस येत होत्या, आन् काय सोडलं, काय धरलं हे तिले ठावूक होतं. माया मायले इचारलं असतं तर तिले मिस्सेतलं एक वाक्य सांगता आलं नसतं.”

मामांच्या घरचे चिडवायचे, की तुमचा देव तुमच्याशी गोऱ्यांच्या भाषेत बोलतो. बाबांच्या पिढीनं समई लावली, मांडी घालून बसली, अभंगाच्या चालीवर गीतं बांधली, त्यामागं हे चिडवणं होतं. माझ्या मुलाला कुणी तसं चिडवलं नाही. त्याला ऑफिसमध्ये विचारतात, तुम्ही पण आरतीच करता, नारळ फोडता, मग तुमच्यात वेगळं काय? त्याच्याजवळ उत्तर नव्हतं आणि ते तो शोधायला निघाला. दोघांना टोचणारे काटेच वेगळे.

माझं काय? मी १९८९ पासून चर्चमध्ये वाचन करते. पहिल्यांदा व्यासपीठावर उभी राहिले तेव्हा पाय कापत होते, आणि पुढच्या रांगेत बाबांची मान अभिमानानं ताठ होती. वाचकपदाचा अधिकृत सेवाभार स्त्रियांना मिळाला तो २०२१ च्या जानेवारीत, पोप फ्रान्सिस यांच्या आदेशानं. तोवर आम्ही वाचत होतो ते चालवून घेतल्यासारखं. मुलगा मला वाचू नकोस असं कधीच म्हणाला नाही. फक्त एकदा म्हणाला, “आई, वाचताना डोक्यावर पदर घे ना. छान वाटतं.”

त्याला ते छान वाटतं. १९१७ च्या धर्मसंहितेत बायांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियम होता, १९८३ च्या संहितेत तो नाही. पण आमच्या गावात पदर त्या संहितेनं आणला नव्हता आणि तिनं नेलाही नाही. पदर होता तो सासऱ्यासमोर, दिरासमोर, पाटलाच्या वाड्यावरून जाताना. मी बी.एड. करून शाळेत लागले त्या वर्षी पदर खाली घेतला आणि सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. पुण्यातल्या ज्या मुली जाळीचा सुंदर पांढरा रुमाल डोक्यावर घेऊन गुडघे टेकतात, त्यांनी तो आपण होऊन घेतलाय आणि मला त्यांच्याविषयी काही म्हणायचं नाही. माझ्या डोक्यावरचा पदर मात्र देवासाठी नव्हता, हे मी मुलाला सांगितलं. त्याला हे माहीत नव्हतं. माहीत कसं असेल, मी कधी बोललेच नव्हते.

इथं एक सांगायला हवं. ही ओढाताण आमच्याच घरातली नाही. आमच्या जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे सिरो-मलबार पंथाचा चांदा धर्मप्रांत लागतो, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली. त्यांच्या केरळमधल्या मूळ घरात फादरांनी मिस्सेत कुणीकडे तोंड करायचं यावरून २०२१ पासून रस्त्यावर येण्यापर्यंत मजल गेली. सिनोडनं, म्हणजे त्यांच्या बिशपांच्या सभेनं, अर्धी मिस्सा लोकांकडे, अर्धी वेदीकडे असा तोडगा काढला, तोही सगळ्यांनी मानला नाही. तोंड कुणीकडे, हा प्रश्न दुरून किरकोळ दिसतो. पण ज्याच्या आईच्या शवपेटीसमोर फादर एका विशिष्ट दिशेला तोंड करून उभे होते, त्याच्यासाठी तो किरकोळ नसतो.

आता कठड्याची गोष्ट.

आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे मेळघाटच्या सागवानाचा कठडा होता. लोक तिथं रांगेनं गुडघे टेकायचे आणि फादर आतल्या बाजूनं एकेकाच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवत जायचे. १९७३ साली तो काढला. काढणाऱ्या तिघांत बाबा होते. चार तुकडे झाले. त्यातले तीन मिशनच्या गोठ्यात गेले, एकाचं फाटक झालं, दोन वैरणीखाली. चौथा कुठं गेला कुणाला ठाऊक नाही.

२०२५ च्या ईस्टरला मुलगा घरी आला तो हे तुकडे शोधूनच थांबला. फादरांना विचारून त्यानं ते बैलगाडीनं आमच्या अंगणात आणले. आमचे आताचे फादर तरुण आहेत, हसून म्हणाले, ने बाबा, इथं वाळवीच खाणार. रविवारी ईस्टर झाला आणि सोमवारी सकाळी हा पॉलिश पेपर घेऊन बसला. शेणाचा थर ओल्या कापडानं भिजवायचा, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायचा, मग घासायचं. पन्नास वर्षांचा काळा थर निघाला की खालून सागाचा मधासारखा रंग वर यायचा, आणि कापलेल्या लाकडाचा तो तेलकट वास. एका तुकड्याची वरची कड मध्येमध्ये खोलगट होती. मी बोट फिरवून पाहिलं. दर दीड-दोन फुटांवर एक खळगा. लोकांची मनगटं टेकून टेकून झिजलेली जागा.

बाबा काठी टेकत आले, बाजूला खुर्चीवर बसले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “गावच्या सुतारानं केला होता. इस्वकर्म्याची पूजा करून मग घडवाले बसला होता.”

मुलानं विचारलं, “मग काढला कशाला, बाबा?”

“आमाले कठड्याचा धसका व्हता लेका.” बाबा थांबले. “गावातल्या देवळात माया आज्याले पायरीच्या खाली उभं करत. पाटलाच्या विहिरीवर काठीनं रेघ मारलेली राहे. या बाजूनं तुमी, त्या बाजूनं आमी. चर्चमधी आलो तर अठीबी कठडा. फादर आत, आमी भायेर. थे म्हने, आता मधात काई नको, देव आन् माणूस एका जागी. मले वाटलं, रेघ पुसली.”

मुलगा हातातला कागद तसाच धरून बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, “मला वाटायचं, इथं सगळे एका ओळीत गुडघ्यावर येतात. पाटील असो, मजूर असो, उंची सारखीच.”

“थेबी खरं हाय,” बाबा म्हणाले. “आमी घाई केली. इचारलं नाई कोनाले. म्हाताऱ्याईले तर अजिबात नाई.”

माझ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून ‘आमी घाई केली’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. भारतातल्या बिशपांनी दलित ख्रिस्ती लोकांवर खुद्द ख्रिस्तसभेत अन्याय झाल्याचं २०१६ च्या धोरणात लेखी कबूल केलं, ते धोरण बाबांनी कात्रण करून ठेवलंय. अन्याय कुठून कुठं शिरतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आणि तरी त्या दिवशी ते त्या झिजलेल्या खळग्यात आपलं मनगट ठेवून बघत होते.

दुपारी दीडच्या सुमारास मुलाच्या मोबाइलवर बातमी आली. पोप फ्रान्सिस गेले. २१ एप्रिल २०२५.

बाबांचा त्यांच्यावर फार जीव. गरिबांचा पोप म्हणायचे. त्यांचं वर्तमानपत्रातलं चित्र आमच्या देव्हाऱ्याशेजारी लावलेलं. आणि माझा मुलगा त्याच माणसाच्या एका आदेशानं चार वर्षं दुखावलेला. मला भीती वाटली, की आता हा काही बोलेल आणि घरात कायमची तेढ पडेल. तो उठला, हात धुतले, भुशानं भरलेल्या अंगणात गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “रेक्विएम एतेर्नाम दोना एई, दोमिने.” प्रभू, त्याला चिरंतन विसावा दे.

आणि खुर्चीवरून, डोळे मिटून, एक क्षणही न थांबता बाबा म्हणाले, “एत लुक्स पेर्पेतुआ लुचेआत एई.” आणि अखंड प्रकाश त्याच्यावर पडो.

मुलानं वळून पाहिलं. मीही. पंचावन्न वर्षांत बाबांच्या तोंडून मी लॅटिनचा एक शब्द ऐकला नव्हता.

“सगळं येते मले,” ते म्हणाले. “सुरवातीपासून. कान पिळून शिकवलं होतं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी माझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

१९५२ साली त्यांची धाकटी बहीण गेली. चार वर्षांची. हगवण लागली, दोन दिवसांत संपली. बाबा दहा वर्षांचे, पवित्र पाण्याचं भांडं धरून फादरांच्या मागे चालणारे. फादरांनी पांढरा पट्टा घातला होता. मोठ्या माणसांच्या मर्तिकात असायचा तो काळा पोशाख नाही, लांबलचक रडवं गायन नाही, संथ घंटा नाही. थोडक्या प्रार्थना, दोनेक स्तोत्रं, माती. परतताना आजीनं बाबांना जवळ ओढून विचारलं, “फादर का म्हनले रे माया पोरीसाठी?” बाबांना सगळे शब्द पाठ होते आणि एकाचाही अर्थ माहीत नव्हता. ते गप्प राहिले. आजी म्हणाली, “गरिबाच्या लेकराले लहानच प्रार्थना.”

तिनं धरून घेतलं की आपल्या पोरीसाठी नीट मागणं झालंच नाही, ती शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी पापं धुतली जातात त्या जागी, जळत असेल. त्यानंतर वीस वर्षं आजीनं दर शुक्रवारी पोरीसाठी कडक उपास केला. कापूस वेचायच्या दिवसांतही, ओटीत वीस-वीस किलो घेऊन, पोटात पाण्याशिवाय काही नाही.

सत्तरच्या दशकात मराठीतल्या विधीचं पुस्तक शिकवायची वेळ आली तेव्हा बाबांनी जुना विधी एका वयस्कर फादरांकडून शब्दशः समजून घेतला. सात वर्षांखालच्या, बाप्तिस्मा झालेल्या लेकराच्या दफनात क्षमेचं मागणं नसतंच. त्याची गरजच नाही, ते लेकरू थेट देवाजवळ. म्हणून पांढरा रंग. घंटा वाजवलीच तर आनंदाची वाजवायची. म्हणायचं ते स्तोत्रही स्तुतीचं, लौदाते पुएरी दोमिनुम, मुलांनो, परमेश्वराची स्तुती करा. ती प्रार्थना गरिबीमुळे लहान नव्हती. ख्रिस्तसभा त्या दिवशी माझ्या आजीला सांगत होती की तुझी लेक पोचली. सगळ्या गावादेखत, मोठ्यानं सांगत होती. आणि ते तिला कळू शकणारं नव्हतं.

“मी घरी येऊन मायले सांगतलं,” बाबा म्हणाले. “ती पिठाच्या हातानं बसली व्हती. लय वेळ काई बोल्ली नाई. मंग म्हने, मंग इतके वर्सं मी कायले उपाशी रायली?”

अंगणात कुणी बोललं नाही. लिंबाच्या झाडावर साळुंक्या कलकलत होत्या. मुलाच्या हातावरचा सागाचा भुसा घामानं चिकटला होता आणि तो तो एकेक करून काढत होता.

संध्याकाळी आमच्याकडे जपमाळ झाली. पोपसाहेबांसाठी. लितानी सुरू झाली तेव्हा मी सवयीनं ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हटलं. मुलगा काय म्हणतोय इकडे माझा कान होता. तो ‘ओरापनोबी’ म्हणत होता. आजीचा उच्चार, जसाच्या तसा.

कठडा अजून आमच्या ओसरीवर आहे. फादर म्हणतात समितीत ठेवू, समितीत दोन तट पडलेत. तरुण मंडळींना तो वेदीपुढे हवा आहे, माझ्या वयाच्या बऱ्याच जणींना नको आहे, मलाही नको आहे. गुडघे टेकायला जागा हवी, हे मला आता पटतं. पण आत कोण न् बाहेर कोण, हे पुन्हा ठरवणारं लाकूड नको. भिंतीलगत, मातेच्या गाभाऱ्यापाशी ठेवा असं मी सुचवलंय. ८ मे ला पोप चौदावे लिओ निवडून आले तेव्हा मुलानं फोन करून आधी बाबांना मागितलं, मला नाही. दोघं तासभर बोलले.

आता दर रविवारी रात्री त्याचा फोन येतो. आधी बाबा त्याच्याकडून ख्रिस्तपुराणातल्या चार ओव्या म्हणवून घेतात. मग हा फादरांचं वाक्य म्हणतो आणि बाबा वेदीवरच्या पोराचं उत्तर देतात. ‘इंत्रोईबो आद आल्तारे देई.’ मी देवाच्या वेदीपाशी जाईन. बाबा कठड्याला धरून बसलेले असतात, उत्तर देतात, ‘आद देउम क्वी लेतिफिकात युवेंतुतेम मेआम.’ माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवापाशी. गेल्या रविवारी ‘सुस्किपियात’ची पाळी आली. बळी स्वीकारला जावो म्हणून लोकांच्या वतीनं द्यायचं ते लांब उत्तर, त्याच्यासाठीच बाबांनी लहानपणी सर्वांत जास्त मार खाल्लेला. सुरुवात दणक्यात केली. देवाच्या नामाची स्तुती झाली, आमचं हित झालं, ‘क्वोक्वे नोस्त्राम’पर्यंत आले आणि अडले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. फोन स्पीकरवर होता. पुण्याहून कसलाही आवाज आला नाही. त्याला पुढचं येत होतं, पण त्यानं पुरवलं नाही, थांबून राहिला. बाबांनी सागाच्या कडेवरचा एक खळगा अंगठ्यानं चाचपला, श्वास घेतला आणि उरलेलं मराठीत म्हटलं, “आणि त्याच्या सगळ्या पवित्र ख्रिस्तसभेच्या हितासाठी.”